ठासणीची रायफल आणि सेंटरफायर रायफल यांची अचूकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, निफाड-सिन्नरकडच्या मळ्यांतल्या घरांत आणि संग्रहालयांच्या काचेआड ठासणीच्या बंदुका आजही दिसतात. त्या पाहून बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: याने नेम लागत तरी होता का? रेंजवर आधुनिक रायफल चालवणारे तरुण वेगळे विचारतात. त्यांना फरक नेमका किती आणि कशामुळे, हे हवे असते. माझ्या आजोबांकडे पीकसंरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, पुढे तो परवाना माझ्या नावावर झाला, आणि गेली अनेक वर्षे मी या दोन्ही प्रकारच्या प्रश्नांना उत्तरे देत आलो आहे. ती उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

ठासणीची रायफल कशाला म्हणतात आणि सेंटरफायर कशाला?

ठासणीच्या हत्यारात दारू आणि गोळी दोन्ही नळीच्या तोंडातून घालतात आणि गजाने तळापर्यंत ठासतात. बार पेटवण्याची सोय नळीच्या मागच्या टोकाला असते. पूर्वी तिथे कान, म्हणजे नळीला पाडलेले बारीक भोक, आणि त्यावर रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, असे, नंतर चकमकीचा दगड आला आणि शेवटी तांब्याची टोपी. सेंटरफायर रायफलमध्ये दारू, गोळी आणि टोपी हे सगळे एका धातूच्या काडतुसात बंद असते. टोपी काडतुसाच्या बुडाच्या मधोमध बसवलेली असते, म्हणून ते नाव. हे काडतूस नळीच्या मागच्या बाजूने भरतात.

ठासणीची बंदूक म्हणजेच ठासणीची रायफल का?

नाही, आणि सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. आपल्याकडे घरोघरी सापडणाऱ्या ठासणीच्या बहुतेक बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत आतून पिळदार आटे कोरलेले असतात. गोळी त्या आट्यांत धरली जाते, बाहेर पडताना स्वतःभोवती फिरते आणि फिरत्या भोवऱ्यासारखी स्थिर राहते. गुळगुळीत नळीतली गोळी गजाने सहज खाली जावी म्हणून मुद्दाम लहान ओतत असत. ब्रिटिश फौजेच्या ब्राउन बेस बंदुकीची नळी पाऊण इंचाची होती आणि गोळी तिच्याहून सुमारे दीड मिलिमीटर लहान. अशी गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर येते आणि शेवटच्या आपटीवर तिची दिशा ठरते. कर्नल जॉर्ज हँगर यांनी १८१४ मध्ये लिहून ठेवले आहे की, फार वाईट नसलेली शिपायाची बंदूक ८० यार्डांवर, फार तर १०० यार्डांवर माणसाला लागेल, पण २०० यार्डांवर नेम धरणे म्हणजे चंद्रावर गोळी झाडण्यासारखे आहे.

माझ्या आजोबांची बंदूकही गुळगुळीत नळीचीच आहे. मी तिच्यातून रीतसर परवानगीने, टेकू देऊन, ५० मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडल्या, तेव्हा त्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या. रानडुकराला पिटाळायला तेवढे पुष्कळ होते. त्या ताटावरून ठासणीच्या रायफलची पारख करणे मात्र सरळसरळ अन्याय आहे, कारण ही बंदूक आणि ती रायफल या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

अचूकता मोजतात कशी?

एकाच जागी नेम धरून ठरावीक फैरी झाडतात आणि एकमेकींपासून सर्वांत दूर पडलेल्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर मोजतात. याला नेमबाज ग्रुपिंग म्हणतात. अंतर बदलले की ग्रुपिंगही बदलते, म्हणून ते कोनात सांगण्याची पद्धत आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. १०० मीटरवर तो सुमारे २.९ सेंटिमीटर भरतो आणि १०० यार्डांवर जेमतेम एक इंचाहून अधिक.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. तीन फैरींचे ग्रुपिंग दाखवून कोणी आपल्या रायफलची तारीफ करत असेल, तर त्याला दहा फैरी झाडायला सांगावे. त्याच रायफलचे दहा फैरींचे ग्रुपिंग तीन फैरींच्या साधारण दीडपट येते, आणि रायफलची खरी लायकी त्या दहांतच दिसते.

मग थेट सांगा, कोणती किती अचूक?

टेकू देऊन, वारा नसताना आणि हात सरावलेला असताना १०० यार्डांवर साधारण असे अनुभवाला येते. चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी झाडणारी ठासणीची चांगली रायफल दोन ते तीन इंचांत ग्रुपिंग देते. एन्फिल्डसारखी लष्करी ठासणीची रायफल, नळी चांगली असेल तर, चार इंचांच्या आसपास राहते. आजच्या सैनिकी सेंटरफायर रायफली दोन ते चार इंच देतात, दुकानातून घेतलेली चांगली बोल्ट रायफल एक ते दीड इंच देते, आणि केवळ अचूकतेच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या जड सेंटरफायर रायफली पाव इंचाच्या आत जातात.

म्हणजे वरच्या टोकाला सेंटरफायर कितीतरी पुढे आहे, यात वाद नाही. पण मधल्या पट्ट्यात दोघींची हद्द एकमेकींत मिसळलेली आहे, आणि ठासणीची म्हणजे ढोबळ नेमाची असे समजणाऱ्यांनी हा मधला पट्टा नीट पाहावा.

तोंडाने भरल्यामुळेच अचूकता कमी होते का?

गोळी कोणत्या टोकाने आत गेली, याने फारसे बिघडत नाही. पायदळाची ८१ मिलिमीटरची उखळी तोफ आजही तोंडानेच भरतात, आणि तोफखान्याच्या देवळालीच्या परिसरात राहणाऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही. उलट, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत काही कारागिरांनी तोंडाने भरण्यालाच अचूकतेचे साधन केले. पुढे दुर्बिणींच्या भिंगांसाठी नावाजलेले अल्वान क्लार्क यांनी १८४० मध्ये खोट्या तोंडाचे पेटंट घेतले. नळीच्या तोंडाचा तुकडा कापून तो खुंट्यांनी परत बसवायचा, त्यातून गोळी अगदी सरळ आत सुरू करायची आणि झाडण्यापूर्वी तो तुकडा काढून ठेवायचा, अशी ती युक्ती होती. गोळी शेवटी ज्या कडेला स्पर्श करून बाहेर पडते, ती कडा त्यामुळे गजाच्या घर्षणापासून वाचते. नळीच्या तोंडाची कडा एका बाजूने झिजली की दारूचा वायू गोळीला एका बाजूने ढकलतो आणि नेम सुटतो. जुनी रायफल पाहताना मी सर्वांत आधी बोट फिरवतो ते याच कडेवरून.

१८५७ ची ती प्रसिद्ध काडतुसे ठासणीच्या रायफलची होती का?

होती. शाळेत आपण चरबी लावलेल्या काडतुसांचा धडा शिकतो, पण ती काडतुसे कागदाची होती, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. कागदाच्या पुडीत मोजलेली दारू आणि गोळी असे. पुडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची आणि चरबी लावलेल्या कागदासह गोळी ठासायची. ती रायफल म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड. तिची नळी ३९ इंच लांब, व्यास .५७७ इंच, आत तीन आटे आणि ७८ इंचांत एक पीळ, म्हणजे तेवढ्या लांबीत आट्यांचा एक पूर्ण फेरा.

तिच्या अचूकतेमागे फ्रेंच अधिकारी मिनिए यांची कल्पना होती. गोळी लांबट आणि नळीपेक्षा किंचित लहान ठेवायची, म्हणजे ती झटकन ठासता येते. तिच्या बुडाला पोकळी ठेवायची, म्हणजे बार उडताच वायूच्या दाबाने बुड फुलते आणि आट्यांत घट्ट बसते. त्याआधीच्या रायफलींत गोळी आट्यांत जबरदस्तीने बसवावी लागे, त्यात वेळ जाई, आणि म्हणून रायफल मोजक्या निवडक शिपायांच्याच हाती असे. या एका पोकळीमुळे ती साध्या शिपायाच्या हाती आली.

ठासणीच्या रायफलने गाठलेली सर्वांत मोठी मजल कोणती?

माझ्या मते इंग्लंडचे अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांची रायफल. नळी .४५१ इंचाची, आतून षट्कोनी आणि २० इंचांत एक पूर्ण पीळ. ब्रिटिश सरकारने १८५७ मध्ये तिची एन्फिल्डशी चाचणी घेतली. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन २.२४ फूट आले आणि व्हिटवर्थचे ०.३७ फूट. ८०० यार्डांवर हेच आकडे ४.११ फूट आणि १ फूट असे होते. १४०० यार्डांवर एन्फिल्डची गोळी लक्ष्याला लागेनाशी झाली, व्हिटवर्थची मात्र लागत होती.

हे आकडे आजच्या भाषेत आणून पाहावेत. दहा फैरींचे ग्रुपिंग सरासरी विचलनाच्या साधारण तिप्पट धरले, तर व्हिटवर्थचे ५०० यार्डांवरचे ग्रुपिंग सुमारे १३ इंच, म्हणजे अडीच मिनिटांच्या आसपास येते. आजच्या सैनिकी रायफलकडून याहून फार वेगळी अपेक्षा कोणी करत नाही, आणि हे काम पावणेदोनशे वर्षांपूर्वी शिसे, काळी दारू आणि गज यांवर झाले होते. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढून पहिली गोळी झाडली, ती यंत्रावर बसवलेल्या व्हिटवर्थमधूनच. ४०० यार्डांवर ती केंद्रापासून दीड इंचाच्या आसपास लागली.

दोन्ही प्रकार समोरासमोर कधी आले का?

आले, आणि निकाल वाचण्यासारखा आहे. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला. आयरिश संघाकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या. अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन रायफली होत्या. अमेरिका ९३४ गुणांनी जिंकली, आयर्लंडचे गुण ९३१ झाले. आयरिश संघातल्या एकाची गोळी चुकून शेजारच्या लक्ष्याच्या केंद्रात लागली आणि तिचे गुण मिळाले नाहीत. ती योग्य लक्ष्यावर असती तर निकाल फिरला असता. म्हणजे काळी दारू दोघींत असताना हजार यार्डांपर्यंत ठासणीची रायफल कुठेही मागे नव्हती.

मग सेंटरफायर पुढे निघून गेली ती कशामुळे?

फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये बिनधुराची दारू तयार केली आणि १८८६ मध्ये ती वापरणारी लेबेल रायफल आली. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो. नव्या दारूने ही राख जवळजवळ संपवली आणि गोळीचा वेग दुपटी-तिपटीवर नेला. हा वेग नेमबाजाला काय देतो, हे साध्या हिशेबाने कळते.

एन्फिल्डची गोळी सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने निघते आणि २०० मीटरवर पोहोचायला तिला पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो; तेवढ्यात ती नळीच्या सरळ रेषेपासून सुमारे तीन मीटर खाली येते. ७.६२ मिलिमीटरची सेंटरफायर गोळी सुमारे ८४० मीटर वेगाने निघते आणि तेवढ्याच अंतरावर जेमतेम फूटभर खाली येते. अंतर अचूक ठाऊक असेल तर या घसरणीने काही बिघडत नाही, कारण नळीवरची माशी आणि मागची पट्टी, ज्यांतून नेम धरतात, त्यासाठीच असते. पण लक्ष्य ३०० मीटरवर आहे आणि तुम्ही ते २७५ मीटर समजलात, तर एन्फिल्डची गोळी अर्ध्या मीटरहून अधिक खाली लागते, आणि सेंटरफायरची चार-पाच बोटेच. मोजलेल्या रेंजवर बरोबरीत राहणारी ठासणीची रायफल रानात मागे का पडे, त्याचे उत्तर या फरकात आहे. तोफखान्यातून निवृत्त झालेल्या वाचकांना अंतराच्या अंदाजाचे हे दुखणे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरे कारण सातत्याचे आहे, आणि मला ते वेगाहूनही महत्त्वाचे वाटते. सेंटरफायर काडतुसात दारूचे वजन, गोळीची बसवण आणि टोपीची ताकद कारखान्यात ठरते. शंभरावे काडतूस पहिल्यासारखेच असते. ठासणीच्या रायफलमध्ये नेमबाज प्रत्येक फैरीला स्वतःच काडतूस बनवत असतो, आणि तेही उभ्याने, उन्हात, काळ्या झालेल्या हातांनी.

भरताना नेमके कुठे चुकते?

दारूचे माप सैल किंवा दाबून भरले, चिंधी जाड-पातळ झाली, गोळी ओतताना शिशात हवेचा बुडबुडा राहिला, गज एकदा जोरात आणि एकदा हलका दाबला, तर त्या प्रत्येकाने गोळीचा वेग बदलतो आणि छिद्र कागदावर वर-खाली सरकते. म्हणून जाणकार गजावर खूण करतात. गोळी दारूवर टेकली की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी आली पाहिजे.

या खुणेने मला एकदा मोठ्या संकटातून वाचवले आहे. डिसेंबरातली कोरडी सकाळ होती. पाचव्या फैरीनंतर नळी ओल्या चिंधीने पुसायचे मी टाळले आणि सहावी गोळी ठासायला घेतली. राख वाळून दगडासारखी झाली होती. गोळी अडकली आणि खूण तोंडाच्या चार बोटे वर राहिली. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी असताना बार उडवला तर नळी फुगते किंवा फुटते. मी तिथेच थांबलो, निपल, म्हणजे टोपी बसवायचे बोंडले, काढून तिथून पाणी सोडले, दारू निकामी केली आणि गजाच्या टोकाला स्क्रू लावून ती गोळी ओढून काढली. त्याला दीड तास लागला. बाहेर आलेल्या गोळीवर राखेचे ओरखडे एकाच बाजूला उमटले होते. अशी गोळी सुरक्षितपणे सुटली असती, तरी सरळ गेली नसती.

वाऱ्याचा परिणाम कोणावर अधिक होतो?

गोल गोळीवर फार होतो. ती वेगाने निघते, पण तिचा आकार हवेला अडणारा असल्यामुळे शंभर यार्डांत तिचा वेग झपाट्याने कमी होतो. ताशी १५ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात १०० यार्डांवर ती साधारण वीतभर सरकते, ७.६२ ची टोकदार गोळी तेवढ्याच वाऱ्यात बोटभर सरकते. संथ पण जड आणि लांबट मिनिए गोळी मात्र वाऱ्यात गोल गोळीहून बरीच चांगली टिकते.

गोळी लांब केली की पीळही बदलावा लागतो का?

होय. गोल गोळीला ४८ ते ७२ इंचांत एक असा सैल पीळ पुरतो. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा; व्हिटवर्थ यांनी २० इंचांत एक पीळ ठेवला तो यामुळेच. वुलविचचे गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी मांडलेले सूत्र आजही ढोबळ अंदाजाला वापरतात.

चकमकीच्या बंदुकीचा नेम का हलतो?

चाप ओढल्यापासून मुख्य बार पेटेपर्यंत सेकंदाचा विसावा ते दहावा भाग जातो, आणि मधल्या वेळात डोळ्यांसमोर रंजक भडकते. शरीर नकळत दचकते. आधुनिक रायफलमध्ये चाप ओढल्यापासून टोपीवर आघात होईपर्यंत सेकंदाचे काही हजारांशच लागतात. टोपीची ठासणीची रायफल या बाबतीत आधुनिक रायफलच्या पुष्कळ जवळ जाते.

नाशिकच्या हवेचा फरक पडतो का?

पडतो, आणि दोघींवर वेगळा पडतो. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत काळ्या दारूची राख कडक होते, म्हणून प्रत्येक फैरीनंतर ओली चिंधी फिरवणे गरजेचे ठरते. पावसाळ्यात राख मऊ राहते, पण ती ओल धरते आणि नळी एका रात्रीत गंजते. सेंटरफायरमध्ये ओलीचा प्रश्न फारसा नाही. तिथे तापमान पाहावे लागते. निफाडला जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात चाळिशीला टेकतो. बिनधुराच्या अनेक दारू उष्णतेत अधिक दाब आणि अधिक वेग देतात, त्यामुळे थंडीत जुळवलेला नेम उन्हाळ्यात पुन्हा तपासावा लागतो.

इनलाइन ठासणीच्या रायफली खरोखर सेंटरफायरइतक्या अचूक असतात का?

१९८५ पासून अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या या प्रकारात टोपी नळीच्या सरळ मागे बसते, पीळ घट्ट असतो आणि प्लॅस्टिकच्या वेष्टणातली आधुनिक गोळी वापरतात. १०० यार्डांवर दीड-दोन इंचांचे ग्रुपिंग चांगल्या इनलाइनला अवघड नाही. २०० यार्डांपर्यंत साध्या सेंटरफायरशी तिची तुलना होऊ शकते. त्यापुढे वेग आणि घसरण यांचा हिशेब पुन्हा आडवा येतो.

ऑलिम्पिकमधली रायफल सेंटरफायर असते का?

नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात .२२ ची रिमफायर रायफल वापरतात. तिच्यात पेटवणारा मसाला काडतुसाच्या काठात असतो.

आपल्याकडच्या जुन्या तोड्याच्या बंदुका अगदीच निरुपयोगी होत्या का?

पेटत्या वातीने, म्हणजे तोड्याने, बार उडवणाऱ्या या बंदुकांबद्दल असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांच्या नळ्या लांब आणि जाड असत, आणि तटाच्या जंगीतून, म्हणजे गोळी झाडायच्या भोकातून, टेकू देऊन, ठाऊक असलेल्या अंतरावर झाडल्या की त्यांचा उत्तम उपयोग होई. १८१८ च्या मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी इंग्रजी फौजेला जवळजवळ महिनाभर झुंजवले, ते तटाच्या आडूनच. भरायला लागणारा वेळ ही या बंदुकांची खरी अडचण होती, आणि तटामागे ती फारशी जाणवत नसे.

घरात सापडलेल्या बंदुकीचा नेम तपासून पाहावा का?

पाहू नये. जुन्या नळ्या लोखंडाच्या पट्ट्या वळवून, जोडून केलेल्या असतात आणि सांध्यातला गंज बाहेरून दिसत नाही. शिवाय ती कोणीतरी भरून ठेवलेली असण्याची शक्यता खरी असते. परवानाधारक शस्त्रकारागीर ती हाती घेतो तेव्हा आधी लाकडी काठी नळीत तोंडापासून तळापर्यंत सोडतो, तोंडाशी खूण करतो आणि मग ती काठी नळीच्या बाहेरून धरून पाहतो. काठीचे टोक कानाच्या किंवा निपलच्या जागेपर्यंत पोहोचत नसेल, तर आत बार आहे असे समजावे. परवान्यासाठी शहरात पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जावे लागते. वारशाने आलेल्या हत्यारालाही ते लागू आहे. माझ्या बंदुकीची काठी देवघराच्या कोपऱ्यात उभी असते, तिच्यावर आजोबांनी सुरीने केलेली खूण अजून स्पष्ट दिसते, आणि बंदूक कपाटातून काढली की मी आधी ती काठी घेतो.